ॲडव्हेंट आणि मनाची शांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, कधी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात, कधी रात्री उशिरा मेसेजवर, आणि विचारणारा माणूस बऱ्याचदा थकलेला असतो. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. मी पाळक नाही, ॲडव्हेंट बरीच वर्षं मनापासून पाळणारी एक विश्वासणारी आहे. सलग वाचायची गरज नाही, जो प्रश्न तुमचा आहे तिथे सरळ जा.

ॲडव्हेंट म्हणजे नक्की काय आणि तो कधी सुरू होतो?

नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस, आपल्याकडे बरेच जण ह्याला आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरला प्रेषित अंद्रियाचा सण असतो, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार हा पहिला रविवार, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्या दरम्यान तो कधीही येतो. २०२६ ला २९ नोव्हेंबर, २०२७ ला २८ नोव्हेंबर, २०२८ ला ३ डिसेंबर. त्यामुळे लांबी दरवर्षी सारखी नसते, कधी पूर्ण २८ दिवस तर कधी फक्त २२. २०२८ ला २२ च आहेत, चौथा रविवार आणि नाताळची आदली संध्याकाळ एकाच दिवशी.

कॅथलिक, अँग्लिकन, ल्यूथरन, मेथॉडिस्ट अशा बऱ्याच चर्चेसमधे वर्षाची सुरुवातच इथून होते, १ जानेवारीपासून नाही. बऱ्याच ऑर्थोडॉक्स मंडळ्या १५ नोव्हेंबरपासून ४० दिवसांचा उपास करतात. काही मंडळ्या ॲडव्हेंट पाळतच नाहीत आणि त्यांचं काही चुकतंय असं अजिबात नाही, कारण ॲडव्हेंट पाळा अशी आज्ञा बायबलमधे कुठेच नाही. पण ज्यांनी शतकानुशतकं पाळला त्यांना ह्यातून काहीतरी मिळालं म्हणूनच तो टिकला ना.

वर्षातला सगळ्यात धावपळीचा महिना हाच, मग ह्यात शांती कुठून आणायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते बाकीचे सगळे प्रश्न ह्याच्याच पोटात आहेत.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक क्रम पक्का बसलेला असतो की आधी सगळं आवरून घेऊ, खरेदी, साफसफाई, पाहुणे, ऑफिसचं वर्षअखेरीचं काम, कुणाचं मन राखायचं ते राखून घेऊ, आणि मग एकदा हुश्श करून शांत बसू आणि प्रभूकडे बघू. पण लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूची गोष्ट सांगणारं पुस्तक, उघडून बघा, तिथे एकही माणूस सगळं आवरून बसलेला नाहीये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे वडील जखऱ्या, ते मंदिरात त्यांच्या पाळीचं काम करत होते, धूप जाळत होते. मरीयेचं लग्न ठरलं होतं पण झालं नव्हतं आणि त्यात ती आई होणार ही बातमी. मग रोमचा सम्राट कैसर औगुस्त ह्याचा हुकूम आला की नावनोंदणी करा, त्यामुळे दिवस भरत आलेले असताना नासरेथहून बेथलेहेमचा प्रवास, तिथे पोचल्यावर उतरायला जागा नाही, आणि मेंढपाळ तर रात्रपाळीवरच होते. पृथ्वीवर शांती ही घोषणा नेमकी ह्या सगळ्या अर्धवट अवस्थेत झाली. कुणाचाही प्रॉब्लेम तोपर्यंत सुटलेला नव्हता.

म्हणून मला एवढंच सांगायचंय की शांतीला शेवटच्या नंबरवर ठेवू नका. प्रभू येतोय हे आधी, आवराआवर नंतर. काम तर आहेच आणि ते करायचंच आहे, पण ते झालं नाही म्हणून तो यायचा थांबत नाही. हे एकदा मनात उतरलं की तेच काम करताना हात वेगळे चालतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

आणि प्रॅक्टिकल म्हणाल तर एक गोष्ट लिस्टमधून काढून टाका. फक्त एक. जी तुम्ही केवळ लोक काय म्हणतील म्हणून करता ती. तो मोकळा झालेला वेळ कशानेही भरू नका.

ख्रिस्ती लोक शांती म्हणतात ती मेडिटेशनमधे मिळते तशीच ना?

थोडी तशी, पण पूर्ण तशी नाही. श्वासाकडे लक्ष देऊन मन स्थिर होतं ते चांगलंच आहे, मला त्याबद्दल काही वाईट बोलायचं नाहीये. पण येशूने ज्या रात्री शिष्यांना सांगितलं की माझी शांती तुम्हाला देतो, जग देतं तशी मी देत नाही (योहान १४:२७), ती रात्र कुठली होती ते बघा. थोड्याच वेळात त्याला अटक होणार होती, दुसऱ्या दिवशी क्रूस होता आणि त्याला हे माहीत होतं. म्हणजे जी शांती तो देत होता ती परिस्थिती नीट असण्यावर अवलंबून नव्हतीच, ती पित्यावरच्या त्याच्या भरवशातून आलेली होती आणि तो भरवसा तो वाटून देत होता.

त्या काळी जगाचीही एक शांती होती, अगदी अधिकृत. औगुस्ताने युद्धं जिंकून जी शांतता आणली तिच्या गौरवासाठी रोममधे संगमरवरी शांतिवेदी बांधली, ख्रिस्तपूर्व ९ मधे तिचं अर्पण झालं, ती आजही रोममधे बघता येते. फार सुंदर कोरीव काम आहे. पण ती शांतता सैन्याच्या जोरावर टिकलेली होती, ज्यांना जिंकलं त्यांना त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. लूक येशूच्या जन्माची गोष्ट सांगताना मुद्दाम औगुस्ताच्या नावाने सुरुवात करतो आणि मग शांतीची बातमी राजवाड्यात न देता शेतातल्या मेंढपाळांना देतो. हे वाचलं की मला दरवेळी थांबावंसं वाटतं.

यशया संदेष्ट्याने ज्याला शांतीचा अधिपती म्हटलं (यशया ९:६) तो एक माणूस आहे, टेक्निक नाही. त्याच्याशी बोलता येतं, त्याच्यावर रागावता येतं, त्याच्यासमोर रडता येतं, त्याची वाट बघता येते.

चार मेणबत्त्यांचा अर्थ काय? घरी लावायच्या असतील तर कशा लावायच्या?

हिरव्या पानांची गोल वेल किंवा चक्र, त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन असं. बऱ्याच चर्चेसमधे आशा, शांती, आनंद, प्रीती असा क्रम असतो, पण काही ठिकाणी शांती चौथ्या रविवारी येते, त्यामुळे तुमच्या चर्चमधे वेगळं असेल तर गोंधळू नका. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. मधे एक पांढरी, ती नाताळला लावतात.

ही पद्धत वाटते तेवढी जुनी नाहीये. १८३९ मधे जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिच विखर्न नावाचे एक पाळक गरीब आणि निराधार मुलांचं आश्रयघर चालवत होते. मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. तर त्यांनी गाडीच्या एका मोठ्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल, आणि रोज एक लावायला सुरुवात केली. ज्या मुलांना घर नव्हतं त्यांना वाट बघायला शिकवण्यासाठी हे सुरू झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

घरी करायला काही विकत आणलंच पाहिजे असं नाही, साध्या चार मेणबत्त्या एका ताटलीत चालतात. रविवारी अंधार पडल्यावर दिवे बंद करा, मेणबत्ती लावा, एक छोटं वाचन, एक प्रार्थना, एक गाणं येत असेल तर, बस. चौथ्या रविवारपर्यंत पहिली मेणबत्ती जळून अगदी बोटभर उरलेली असते आणि चौथी नवीकोरी उंच, सगळ्यांची उंची वेगवेगळी. कुणी म्हणतं वाईट दिसतं, पहिली बदलून टाकू. मी बदलत नाही, किती दिवस वाट बघून झाली ते तिच्याकडे बघून कळतं.

तिसऱ्या रविवारची गुलाबी का?

त्या रविवारी आनंदाचा सूर असतो, जुन्या उपासनाक्रमात सुरुवातच प्रेषित पौलाच्या प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा ह्या वाक्याने व्हायची (फिलिप्पै ४:४). जांभळा हा पश्चात्तापाचा आणि तयारीचा रंग आहे, त्यात मधेच हा एक हलका दिवस. आणि पौलाने हे पत्र कैदेत असताना लिहिलं होतं.

नाताळ आनंदाचा सण, मग पश्चात्ताप आणि पापकबुली मधे कशाला?

कारण मनात जे दडपून ठेवलंय ते तसंच ठेवून शांती येत नाही, आली तरी टिकत नाही. दुसऱ्या रविवारच्या वाचनात बाप्तिस्मा करणारा योहान येतो, येशूच्या आधी येऊन लोकांना तयार करणारा संदेष्टा, उंटाच्या केसांचा झगा, कमरेला कातड्याचा पट्टा, आणि सरळ म्हणतो, वळा, मागे फिरा. कठोर वाटतो. पण त्याच रविवारी दर तीन वर्षांनी यशयाचा ४० वा अध्याय वाचला जातो ज्याची पहिली ओळच माझ्या लोकांचं सांत्वन करा अशी आहे. म्हणजे फटकारणं आणि जवळ घेणं एकाच उपासनेत.

कॅथलिक असाल तर ॲडव्हेंटमधे एकदा पापकबुलीला जाऊन या, शेवटच्या आठवड्यातली गर्दी टाळून. नसाल तर एखाद्या विश्वासू माणसाजवळ बोला, किंवा एकटे बसून बायबलमधलं ५१ वं स्तोत्र हळूहळू वाचा आणि जिथे अडखळाल तिथे थांबा. ते बोलून टाकल्यावर जे हलकं वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटत नाही.

पहिल्या रविवारची वाचनं इतकी घाबरवणारी का असतात? बाळ येशू कुठेच नाही!

हो, पहिल्या रविवारी जागे राहा, तो कुठल्या घटकेला येईल माहीत नाही, सूर्य चंद्र ताऱ्यांमधे चिन्हं असं सगळं असतं. ॲडव्हेंट एकाच वेळी दोन गोष्टींकडे बघतो, बेथलेहेमला झालेला जन्म आणि शेवटी होणारं आगमन. सुरुवात शेवटाकडून होते आणि नाताळ जवळ येईल तसं मरीया, योसेफ वगैरे येतात.

भीती वाटते हे खरंय, पण नीट वाचलं तर लूक २१:२८ मधे येशू काय म्हणतो, की हे सगळं व्हायला लागलं की सरळ उभे राहा आणि मान वर करा, तुमची सुटका जवळ आली आहे. जो येतोय तो ओळखीचा आहे. न्याय करायला तोच येणार आहे ज्याने आपल्यासाठी जीव दिला, आणि ह्याच्यापेक्षा मोठा दिलासा मला माहीत नाही.

माझ्या मनात शंका आहेत. अशा वेळी ॲडव्हेंट पाळणं खोटेपणा नाही का?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचंच बघा ना. ह्या माणसाने आयुष्यभर तो येतोय, तो येतोय म्हणून ओरडून सांगितलं, स्वतःच्या हाताने येशूला बाप्तिस्मा दिला. मग हेरोदाने त्याला तुरुंगात टाकलं आणि तिथून त्याने आपले शिष्य पाठवून येशूला विचारलं, येणारा तो तूच आहेस ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? (मत्तय ११:३). केवढा मोठा प्रश्न आहे हा! आणि हे वाचन दर तीन वर्षांनी नेमकं त्या आनंदाच्या, गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी वाचतात.

येशू त्याच्यावर चिडला नाही. आंधळे बघतायत, पांगळे चालतायत, गरिबांना सुवार्ता सांगितली जातेय हे जाऊन योहानाला सांगा म्हणाला. आणि निरोपे निघून गेल्यावर लोकांसमोर योहानाची स्तुती केली, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत ह्याच्यापेक्षा मोठा कुणी नाही म्हणाला. शंका विचारून झाल्यावर ही स्तुती आहे, आधी नाही. योहान तुरुंगातून सुटला नाही हेही तितकंच खरं, त्याला उत्तर मिळालं पण दार उघडलं नाही.

तर शंका घेऊनच या. मेणबत्ती लावताना मनात विचारा की तूच आहेस ना तो. ही प्रार्थनाच आहे, बायबलमधली.

प्रार्थनेला बसलं की उलट जास्तच टेन्शन येतं, सगळ्या काळज्या तेव्हाच आठवतात. काय करू?

त्या काळज्यांचीच प्रार्थना करा. खरंच सांगते, आपण त्यांना हाकलायला जातो आणि तिथेच सगळी शक्ती संपते. फिलिप्पै ४:६-७ मधे पौल चिंता करू नका एवढंच म्हणून थांबत नाही, प्रत्येक गोष्ट देवाला कळवा म्हणतो, तेही आभार मानून, आणि मग बुद्धीच्या पलीकडची शांती तुमची मनं राखील म्हणतो. म्हणजे आधी शांत होऊन मग बोलायचं असं नाहीये.

मी काय करते ते सांगते. एक कागद घेते आणि जे जे डोक्यात येतंय ते एकेका ओळीत लिहिते, भाषा सुंदर वगैरे करत नाही, पैसे, रिपोर्ट, अमक्याचा फोन आला नाही, जे असेल ते. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, प्रभू हे तुझ्याकडे, असं मोठ्याने म्हणते. काही ओळींवर बोट पुढे सरकत नाही, तिथे थांबते. शेवटी दिवसभरातल्या एका गोष्टीसाठी आभार. कागद बायबलमधे ठेवते. काही ओळी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, मग पुन्हा तेच.

शब्द सुचतच नसतील तर १३ वं स्तोत्र घ्या, किती काळ प्रभू, किती काळ, असं सुरू होतं. किंवा १३० वं, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव तुझी वाट बघतो. दोन्ही लहान आहेत.

रोज काय वाचू? माझ्याकडे दहाच मिनिटं असतात.

दहा मिनिटं पुष्कळ झाली. सगळ्यात सोपं म्हणजे लूकचं शुभवर्तमान, बरोबर २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरला पहिला आणि २४ ला शेवटचा. लूकमधे दुसऱ्या अध्यायात देवदूत पृथ्वीवर शांती म्हणतात आणि शेवटच्या अध्यायात मेलेल्यातून उठलेला येशू घाबरलेल्या शिष्यांच्या मधे उभा राहून तुम्हाला शांती असो म्हणतो, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही पुनरुत्थानापर्यंत पोचलेले असता. काही अध्याय लांब आहेत, पहिलाच ८० वचनांचा आहे, तेव्हा सगळं नाही झालं तर अर्धाच वाचा.

ते जमत नसेल तर फक्त यशया ९, ११, ३५ आणि ४० हे चार अध्याय, आठवड्याला एक, रोज तोच. एकच अध्याय सात वेळा वाचला की तिसऱ्या चौथ्या दिवशी एखादी ओळ अशी समोर येते की आधी कधी वाचलीच नव्हती असं वाटतं.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल ॲपवर वाचत असाल तर निदान नोटिफिकेशन बंद.

घरातलं माणूस गेलंय. सगळीकडे लाइटिंग, गाणी, आणि मला काहीच नकोसं वाटतं.

तुम्ही आनंदी दिसलंच पाहिजे असं नाही, देवासमोर तर नाहीच.

मंदिरात शिमोन, तारणाऱ्याची वाट बघत असलेला एक भक्त, बाळ येशूला हातात घेतो आणि म्हणतो, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. किती वर्षं वाट बघून मिळालेली शांती आहे ती. आणि लगेच, त्याच प्रसंगात, मरीयेकडे वळून म्हणतो की तुझ्या जिवात तलवार भोसकली जाईल (लूक २:३५). शांती आणि तलवार, एकाच म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून, काही ओळींच्या अंतराने. ह्या गोष्टीत दुःखाला पहिल्यापासून जागा आहे. तिथेच हन्नाही आहे, लग्नानंतर सातच वर्षांत विधवा झालेली, आणि तेव्हापासून मंदिरात देवाची वाट बघत म्हातारी झालेली.

माझे वडील गेले त्या वर्षी मला गाणी सहन व्हायची नाहीत. मी मागच्या बाकावर कडेला बसायचे आणि गाणं सुरू झालं की बाहेर जाऊन उभी राहायचे. शेजारी एक वयस्कर बाई असायच्या, त्यांनी कधी काही विचारलं नाही, फक्त माझी पर्स आपल्या मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी आत आले की परत द्यायच्या. मला त्या डिसेंबरमधे देवाची जी काही जवळीक जाणवली ती तेवढीच, आणि तेवढी पुरली.

काही चर्चेसमधे २१ डिसेंबरच्या आसपास शोक करणाऱ्यांसाठी वेगळी शांत उपासना असते, गाणी कमी, मौन जास्त, गेलेल्या माणसाच्या नावाने मेणबत्ती. तुमच्याकडे नसेल तर पाळकांना किंवा फादरना विचारून बघा, दोन-तीन कुटुंबं एकत्र बसली तरी होते. आणि ह्या वर्षी काही कार्यक्रम टाळायचे असतील तर खुशाल टाळा, सरळ सांगा की ह्या वर्षी जमणार नाही.

मला डिप्रेशन आहे, औषध चालू आहे. विश्वास कमी पडतोय म्हणून असं होतंय का?

नाही. आणि असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मला आता मरण दे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, देवदूताने उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं त्याच्या खूप नंतर (१ राजे १९). शरीराची काळजी हा देवाच्या काळजीचाच भाग आहे. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, सणाच्या दिवसांतही काउन्सेलरची अपॉइंटमेंट चुकवू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ता, लगेच, जवळच्या माणसाला सांगा आणि हॉस्पिटल गाठा, प्रार्थना सोबत चालूच राहील.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याशी समेट केल्याशिवाय शांती मिळणार नाही का?

पौलाने रोमकरांस १२:१८ मधे दोन अटी घातल्या आहेत, शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. दुसऱ्याच्या बाजूची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली नाही. तर तुमच्याकडून होईल तितकं म्हणजे किती ते ह्या चार आठवड्यांत देवाला विचारा. पहिला आठवडा फक्त त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा, चांगलं वाटलं नाही तरी. मग एखादा छोटा मेसेज, ज्यात जुना हिशोब नाही, कशी आहेस, तुझी आठवण आली, एवढंच. उत्तर नाही आलं तर तुमचं काम झालेलं आहे.

पण मारहाण झालीये, अत्याचार झालाय, तर क्षमा म्हणजे त्या घरात परत जाणं असा अर्थ कुणी तुमच्यावर लादू देऊ नका. मनातून सूड सोडून देणं आणि सुरक्षित अंतर ठेवणं दोन्ही एकत्र होऊ शकतं.

मुलांना कसं सामील करून घ्यायचं?

मेणबत्ती त्यांना लावू द्या, तुम्ही शेजारी उभे राहून. गव्हाणीचा देखावा एकदम पूर्ण मांडू नका, आधी रिकामी गव्हाण, मग जनावरं, मग दर आठवड्याला मरीया आणि योसेफ खोलीच्या दुसऱ्या टोकापासून थोडे थोडे पुढे, बाळ २४ च्या रात्री. मुलं हे विसरत नाहीत, तुम्ही विसरलात तर ती आठवण करून देतात. लांब प्रार्थना नको.

जगात इतकी युद्धं चालू असताना शांतीबद्दल बोलणं पोकळ नाही वाटत?

वाटतं. यशयाचा लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील हा ११ वा अध्याय वाचताना बातम्या आठवतात आणि घसा दाटतो. पण हे लिहिलं गेलं तेव्हाही अश्शूर साम्राज्याची फौज दाराशी होती, आरामात बसून लिहिलेलं नाहीये ते.

आल्फ्रेड डेल्प नावाचे जेसुइट ह्या कॅथलिक संघाचे एक जर्मन फादर होते, हिटलरच्या विरोधातल्या गटाशी संबंध होता म्हणून जुलै १९४४ मधे त्यांना पकडलं. त्या डिसेंबरमधे बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातात बेड्या असताना, त्यांनी कागदाच्या तुकड्यांवर ॲडव्हेंटबद्दलचे विचार लिहिले, ते धुवायच्या कपड्यांतून बाहेर पोचले. २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना फाशी दिली, वय ३७. मी त्यांचं लिखाण वाचते तेव्हा मला गोड समजूत काढणारं काही सापडत नाही. हादरलेला माणूस दिसतो, आणि त्याच हादरण्यात देवाचं येणं धरून ठेवणारा. हे जग असं राहणार नाही हा भरवसा त्यांनी अशा जागी धरला जिथे धरायला काहीच कारण दिसत नव्हतं.

म्हणून युद्धाची बातमी आली की त्या देशाचं नाव घेऊन ये प्रभू येशू म्हणा, बायबलच्या अगदी शेवटी हीच हाक आहे. आणि मदत पाठवता येत असेल तर पाठवा, पश्चात्तापाच्या काळात दानधर्म आधीपासून आहेच.

उपास करायचा का?

तब्येत परवानगी देत असेल आणि मनापासून वाटत असेल तर करा, पाश्चात्त्य चर्चेसमधे आता सक्ती नाही. एखादं जेवण सोडण्यापेक्षा संध्याकाळचं मोबाईल स्क्रोलिंग सोडणं जास्त जड जातं, तेही चालेल. आजारी, गरोदर, किंवा खाण्याशी आधीच झगडणाऱ्यांनी जेवणाचा उपास करू नये.

मी ख्रिस्ती नाही, किंवा बरीच वर्षं चर्चला गेलेलो नाही. मी हे करू शकतो का?

नक्कीच. मेणबत्ती लावायला, लूक वाचायला, मागे बसून उपासना ऐकायला कुणी नाव विचारत नाही. बाप्तिस्मा झालेला नसेल तर प्रभुभोजन घेऊ नका, नुसतं बसून राहिलात तरी चालतं. मेंढपाळही पहिल्यांदाच आले होते.

अर्धा ॲडव्हेंट निघून गेला, काहीच केलं नाही. आता सुरू करून उपयोग आहे का?

आहे. १७ ते २३ डिसेंबर हे सात दिवस तसेही जुन्या परंपरेत वेगळे धरतात, रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मरीयेच्या स्तोत्राच्या आधी ख्रिस्ताला एकेका नावाने हाक मारतात, हे ज्ञाना, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, आणि शेवटी हे इम्मानुएला, आणि प्रत्येक हाकेच्या शेवटी ये. तुम्ही १७ ला सुरू करा, रोज लूक १:४६-५५ वाचा आणि एक हाक मारा, पाच मिनिटंही लागत नाहीत. तेही हुकलं तर २४ च्या संध्याकाळी लूक २ ची पहिली २० वचनं मोठ्याने वाचा, घरात एकटे असाल तरी मोठ्याने.

आणि नाताळ २५ ला संपत नाही, निदान ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी) चालू असतो. राहिलेले अध्याय तेव्हा वाचा, राहिलेला फोन तेव्हा करा.